विनूकाकाचा प्रश्न

वाकड, रविवार

चि. ऋता,


मेंदूच्या संशोधनात जायचं, तेही विनूकाकासाठी, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली भूमकर चौकाकडे हिंजवडीच्या बसगाड्यांची रांग, आणि कट्ट्यावर तुझा काका, त्या मोजत.

जा, पण त्याला स्किझोफ्रेनियातून बरं करायच्या बोलीवर जाऊ नकोस. मग त्याच्यावरही चिडशील आणि विज्ञानावरही. मेंदूवर संशोधन करणाऱ्या विदिता वैद्य 2000 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. भटनागर पुरस्कार 2015 चा, इन्फोसिस 2022 चा. मधली वर्षं कशात गेली ते बघ. उंदराची पिल्लं पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवायची, आणि ती मोठी झाल्यावर किती बिचकतात ते तपासायचं. सेरोटोनिनमुळे चेतापेशींत मायटोकाँड्रिया वाढतात, हे त्यांच्या गटानं 2019 मध्ये दाखवलं. एवढ्या कष्टांनी एवढं कळतं, आणि ते थोडं नाही.

पण उंदीर बिचकला तर दिसतो. त्याला विनूसारखे आवाज ऐकू येतात का, हे विचारायचं कुणाला? विनूला मी एकदा विचारलं, शास्त्रज्ञांनी काय शोधावं? म्हणाला, "गोळ्यांनी दिवसभर झोप येते, तेवढी घालवा." आवाजांचं नावही नाही! वीस वर्षं मी आवाजांचीच काळजी करत होते.

घरच्या माणसासाठी या वाटेला लागणारी तू पहिली नाहीस. कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या याच आजारामुळे या कामात आले. 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्यामुळे. याच आजारावरच्या 'देवराई' सिनेमामागेही तेच. बहीण-भावाची गोष्ट म्हणून विनूला दाखवला, तर अर्ध्यात उठून चहा मागितला. असो.

तुझ्या पत्रात 'समावेशन' दोनदा आलंय. आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी आमच्याकडून घेतात, आरतीला मात्र "त्यांना नका आणू" म्हणतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विनूसारख्यांना समाजात राहायचा हक्क दिलाय. आरतीला कोण बोलावणार? तू प्रयोगशाळेत असं करू नकोस. प्रश्न ठरतानाच विनूसारख्या कुणाला तरी खुर्ची दे, नुसतं संमतीपत्रावर सहीला बोलावू नकोस. आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी गोळ्या घेत असेल, तर तिला त्या लपवाव्या लागू नयेत.

शनिवारी ये. वही आणू नकोस. संध्याकाळी सहानंतर बसगाड्या फार होतात, विनूला मोजायला सोबत लागते.

तुझी,
आत्या