उरलेल्या डांगराचे कंपोस्ट आणि फळमाशी

दसरा उरकला की दिंडोरी तालुक्यात वेलांवरची शेवटची डांगरे घरी येतात. पक्क्या सालीची माळ्यावर जातात. तडकलेली किंवा एका अंगाने मऊ पडलेली मात्र बांधावर नाहीतर उकिरड्यावर भिरकावली जातात, आणि कारली, दोडके, काकडी यांना सध्या छळणारी फळमाशी तिथेच पोसली जाते.

मादी कोवळ्या किंवा तडकलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात आणि फळ सोडून मातीत कोष करतात. उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून माशी बाहेर पडते. थोडक्यात, दसऱ्याला फेकलेले डांगर दिवाळीला शेजारच्या मळ्यात माश्या सोडते. वरून दोन पाट्या माती लोटल्याने काही साधत नाही, कारण कोषाला मातीच हवी असते.

संशयित फळ कापून गर पांढऱ्या ताटलीत पसरावा. फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी सुमारे एक सेंटिमीटर लांब, मळकट पांढरी असते. ती अंगाची कमान करून टुणकन उडी मारते. चिलटांची अळी बारीक असते आणि नुसती वळवळते. उडी मारणारी अळी दिसली की ते फळ थेट ढिगात घालायचे नाही. जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ते दोन-तीन आठवडे उन्हात ठेवावे, किंवा दोन फूट खोल पुरून वरची माती धुमसावी.

निरोगी डांगराचे कंपोस्ट सोपे आहे, अडचण फक्त पाण्याची. गरात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. नुसती फळे रचली तर आंबूस वासाचा चिखल होतो. एक पाटी तुकड्यांना किमान दोन पाट्या कोरडा माल लागतो: सोयाबीनचे भुसकट, मक्याची ताटे, वाळला पाला. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या तर याच दिवसांत बांधावर पेटवल्या जातात. जाळण्याची ही खोड आता सुटायला हवी. काड्यांचा भुगा करून तो तळाला घातला की ढिगात हवा खेळते. ढीग लांबी, रुंदी, उंचीला प्रत्येकी तीन फुटांहून लहान असला तर तापत नाही. मधोमध खुपसलेली सळई पाच मिनिटांनी हातात धरवली नाही, तर आतली उष्णता पुरेशी आहे. कडा थंड राहतात आणि अळ्या तिथेच तगतात, म्हणून आठवड्याने ढीग उलथून कडेचा माल पोटात घ्यावा. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते.

घरगुती तोडग्यांनी नुकसानच होते. चुन्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडते. उघड्या ढिगावर गुळाचे पाणी शिंपडणे म्हणजे माश्यांना जेवण वाढणे. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलवर्गात टांगणे ही तर नित्याची चूक. वेलांवरच्या माशीला क्यू-ल्यूर लागते, आणि तेही फक्त नर पकडते. अंडी घालणारी मादी मोकळीच राहते, त्यामुळे सापळा लावला म्हणून सडकी फळे उचलणे टळत नाही.

बिया आधीच काढून वाळवाव्यात. ढिगाच्या कडेला त्या रुजतात आणि आपोआप आलेले वेल हंगाम नसतानाही माशीला फळे पुरवतात. ज्या ढिगाची सळई कधी तापलीच नाही, त्याचे खत पुढच्या वेलवर्गीय पिकाच्या आळ्यात न घालता फळझाडांना द्यावे.