प्रकाश सापळ्यातील विजेचा हिशेब

भातावरील पिवळा खोडकिडा व तुडतुडे यांच्या सर्वेक्षणासाठी सौर प्रकाश सापळा उपयुक्त ठरतो. मात्र सलग ढगाळ हवामानात दिवा वेळेआधी विझतो, सकाळी सापळा रिकामा दिसतो आणि नोंदवहीत ‘शून्य’ लिहिले जाते. हे शून्य किडीचे नसून बॅटरीचे असते. त्यावर विसंबून सल्ला दिल्यास नियंत्रणाची योग्य वेळ हुकते. म्हणून पुढील हिशेब प्रत्येक विस्तार कार्यकर्त्यास यावा.

दिव्याची गरज : विद्युत शक्ती (वॅट) = विद्युतदाब (व्होल्ट) × विद्युतधारा (अँपिअर). १२ व्होल्टवर ०.५ अँपिअर धारा घेणारा दिवा ६ वॅटचा होय. सायंकाळी ७ ते रात्री ११ या ४ तासांत तो २४ वॅट-तास ऊर्जा वापरतो.

बॅटरीतील साठा : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा मावते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अर्ध्याहून अधिक रिकामी झाल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून वापरायोग्य साठा ४२ वॅट-तासच धरावा.

पॅनेलची मिळकत : १० वॅटचे पॅनेल ४ तासांच्या पूर्ण उन्हात ४० वॅट-तास देते. ३० टक्के घट वजा जाता २८ उरतात. रोजची गरज भागते. ढगाळ दिवशी मिळकत पावपट, म्हणजे ७ वॅट-तास धरल्यास पूर्ण भरलेल्या बॅटरीतही तिसऱ्या सायंकाळी केवळ ८ वॅट-तास वापरायोग्य उरतात. दिवा सव्वा तासातच विझतो. पावसाळी भागात २० वॅटचे पॅनेल निवडल्यास तिसऱ्या रात्रीही तो साडेतीन तासांहून अधिक चालतो.

जोडणी : दोन दिवे समांतर जोडावेत. एकसर जोडल्यास १२ व्होल्ट दोघांत विभागले जाऊन दिवे नीट लागत नाहीत. समांतर जोडणीत प्रत्येकास पूर्ण दाब मिळतो. परंतु एकूण धारा १ अँपिअर होऊन साठा निम्म्या वेळात संपतो, हे विसरू नये.

नोंद : सूर्यास्तानंतर, दिवा लागण्यापूर्वी मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजावा. तो १२.२ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी साधारण अर्धी रिकामी आहे असे समजावे. कीडसंख्येशेजारी दिवा प्रत्यक्ष किती तास चालला तेही लिहावे. दिवा ठरलेला वेळ चालला नसेल आणि सापळा रिकामा असेल, तर त्या रात्री ‘शून्य’ न लिहिता ‘निरीक्षण अपूर्ण’ असे लिहावे.