भाचीला, एन्नोरला रुजू होण्याआधी

अगं, बंदराच्या आवारात सिस्टिम्सचं काम मिळालं आणि त्यातही पॅच लावायची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे ऐकून फार बरं वाटलं. हे काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून बरेच जण ते अंगावर घेत नाहीत. न्हावा शेव्याच्या बंदरात माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली. त्यातलं जे पटून हातात उरलंय ते सांगतो, ऐकून ठेव.

गेल्या गेल्या पॅच लावत सुटू नकोस. आधी हिंड. कार्यालयात तुला यंत्रांची यादी मिळेल, पण ती खरेदीच्या बिलांवरून केलेली असते. जागेवर काय चालू आहे ते पायी फिरल्याशिवाय कळत नाही. गेटवरचा संगणक, हजेरीचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, कंत्राटदाराने आणून ठेवलेला लॅपटॉप, सगळं लिहून घे. प्रत्येकापुढे तीन गोष्टी हव्यात: कोणती सिस्टिम, कोणती आवृत्ती, आणि ते यंत्र बंद केलं तर कुणाचं काम अडतं. तिसरी गोष्ट यादीत कधीच नसते आणि तुला रोज तीच लागणार आहे.

वजनकाट्याच्या केबिनमध्ये मुद्दाम तासभर बस. तुझं एन्नोरचं कामराजर बंदर २००१ मध्ये सुरू झालं तेच मुळी वीजकेंद्रांना कोळसा पुरवण्यासाठी, त्यामुळे कोळशाच्या भुकटीची सवय ठेव. अशा केबिनमध्ये संगणक टेबलाखाली ऑपरेटरच्या पायाशी असतो आणि पंख्याची जाळी काळ्या थराने बुजलेली असते. ट्रक काट्यावर चढतो, आकडा स्थिरावतो, पावती निघते, मागचा ट्रक हॉर्न देतो. एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडते: अपडेट तयार आहे, आता रीस्टार्ट करायचं का? ऑपरेटर न वाचताच ‘नंतर’ दाबतो. त्याचं काही चुकत नाही, यंत्र परत उभं राहीपर्यंत त्याच्या दारात ट्रकांची रांग लागणार असते. तो असं महिनाभर ‘नंतर’ दाबत राहतो आणि तिकडे तुझ्या अहवालात त्या यंत्रापुढे हिरव्या अक्षरांत ‘अपडेट उतरलं’ असं दिसत राहतं.

सगळा घात इथे होतो, बाळा. फाईल डिस्कवर पोचली तरी मेमरीत जुनाच कोड चालू असतो आणि सुरक्षेतलं भोक तसंच उघडं राहतं. लिनक्सच्या सर्व्हरवरही हेच. लायब्ररी बदललीस, पण ती वापरणारी सेवा रीस्टार्ट केली नाहीस, तर ती सेवा जुनी प्रत धरूनच बसते. कर्नल नवा घातलास तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सध्या कोणता कर्नल चालू आहे ते यंत्रालाच विचार. अहवाल वाचताना ‘अपडेट उतरलं’ हा रकाना आधी पाहू नकोस, शेवटचं रीस्टार्ट कधी झालं त्या तारखेने रांग लाव. सगळ्यात जुनी तारीख ज्याच्यापुढे असेल त्या यंत्राकडे स्वतः चालत जा.

आणि ऑपरेटरवर हुकूम सोडू नकोस. आदल्या दिवशी जाऊन सांग, पाळी बदलतानाची वेळ माग, त्या वेळात दुसऱ्या काट्यावर ट्रक वळवता येतील का ते गेटवाल्यांशी बोलून घे. दोन शब्द तमिळ शिकून घे. पुढच्या वेळी तो आपण होऊन तुला बोलावेल.

घाई का करायची, हे तुला तिकडच्याच उदाहरणाने सांगतो. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाईल-शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा पॅच काढला. एप्रिलच्या मध्यात शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने त्याच भोकातून शिरणारं, चोरलेलं हत्यार इंटरनेटवर उघड्यावर टाकलं. १२ मेला त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला. मधे ५९ दिवस मिळाले होते. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या रेनो-निसान कारखान्यालाही त्याची झळ पोचली. निसानच्या गाड्या परदेशी जातात त्या तुझ्या एन्नोर बंदरातूनच, म्हणजे कारखान्यात संगणक अडला की त्याचा धक्का थेट धक्क्यापर्यंत येतो. पॅच बाहेर आला की चोरालाही दिशा मिळते, हे ध्यानात ठेव. जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं की भोक कुठे होतं ते त्यालाही कळतं.

सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या नावाचा दुसरा किडा आला आणि आमच्या न्हावा शेव्यातलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. ते मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं. त्या समूहाला जगभरात ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. या प्रकरणाने मला जे शिकवलं ते वॉनाक्रायहून जड आहे. पॅच लावलेली यंत्रंही पडली, कारण एका यंत्राच्या मेमरीतून प्रशासकाचा पासवर्ड उचलून तो किडा दुसऱ्यात शिरत होता. म्हणून सगळ्या यंत्रांवर एकच अ‍ॅडमिन पासवर्ड कधीही ठेवू नकोस, आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरू नकोस. मर्स्कचा एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला तो घानामधला, तिथे वीज गेल्यामुळे तो नेटवर्कपासून तुटलेला होता म्हणून. तू विजेच्या भरवशावर राहू नकोस, एक बॅकअप कायम तारेपासून सोडवून ठेव. तो परत उतरवून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नकोस.

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारची सकाळ वाचनासाठी मोकळी ठेव. भोकाच्या धोक्याला दहापैकी किती गुण दिलेत एवढ्यावर क्रम ठरवू नकोस. नऊ गुणांचं भोक आतल्या कोपऱ्यातल्या यंत्रात असेल आणि सात गुणांचं बाहेरून दिसणाऱ्या सर्व्हरवर, तेही आत्ता वापरलं जात असेल, तर सातवाल्याला आधी हात घाल. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या सूचना आणि अमेरिकेच्या सीआयएसए या संस्थेची ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या भोकांची’ यादी, या दोन्ही रोज डोळ्यांखालून घाल.

पण एकदम सगळीकडे सोडू नकोस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, सुरक्षा सॉफ्टवेअरचं होतं, तरी धडा तोच. आधी आपल्या खात्यातली चार-पाच यंत्रं, मग एक गेट, मग उरलेलं. चाचणीच्या नावाखाली महिना मात्र घालवू नकोस. दोन-तीन दिवस पुरेत, आणि हल्ला सुरू असेल तर तेवढेही थांबू नकोस.

तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचे महिने. वरदा डिसेंबर २०१६ मध्ये आलं, मिचौंग डिसेंबर २०२३ मध्ये. बंदरावर बावटा चढला की मोठं काम हाती घेऊ नकोस, वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट पॅच लागलेलं यंत्र उठवणं महाकठीण. वादळानंतर जास्त जप. कित्येक दिवस बंद पडलेली यंत्रं लोक घाईघाईने एकदम चालू करतात, ती मागच्या पॅचवर असतात. आधी त्यांना वेगळ्या जाळ्यावर घेऊन अपडेट कर, मगच आत सोड.

काही यंत्रांना पॅच लावताच येणार नाही. क्रेनच्या किंवा कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या नियंत्रणाला जोडलेली जुनी विंडोज असते, कंपनी म्हणते हात लावाल तर वॉरंटी जाईल. तिथे भांडत बसू नकोस. ते यंत्र बाकीच्या जाळ्यापासून तोड, जुनं फाईल-शेअरिंग बंद कर, ४४५ क्रमांकाचं पोर्ट मिट, पेनड्राइव्हची जागा कुलुपात घाल. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा लॅपटॉप तपासल्याशिवाय जोडू देऊ नकोस, तो कितीही घाईत असो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अशा यंत्रांची तुझी यादी आता वाढणार. पुढच्या खरेदीच्या करारात ‘इतकी वर्षं पॅच देऊ’ हे कलम आत्ताच घालून घे, साहेबांच्या मागे लागून.

आणि एवढं करूनही कधी घुसलंच कुणी, तर लपवू नकोस. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सहा तासांत कळवावं लागतं. कुणाला फोन करायचा, कोणती तार आधी काढायची, कोणता सर्व्हर चालू ठेवायचा, हे कागदावर छापून तुझ्या टेबलाच्या खणात आणि गेटवरच्या पाळीप्रमुखाकडे ठेव. त्या दिवशी संगणकातली यादी उघडणार नाही.