फोनवरचं ‘चालेल’

मार्च २०२४ मध्ये मी पोलादपूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा बाबा कधीचे येऊन उभे होते. एक सत्र जर्मनीत शिकून आलेली मुलगी म्हणून वाडीत माझा सत्कार ठरला होता. शाल, नारळ, शाळेतल्या मुलांपुढे दोन शब्द, सगळं झालं. पंधरा दिवसांनी कॉलेजच्या कार्यालयात गेले. तिथे कळलं, की मी तिकडे पास झालेल्या पाच विषयांपैकी दोन इथे धरता येणार नाहीत. ते पेपर मला ज्युनियर मुलांबरोबर नव्याने द्यावे लागणार होते.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. चूक बरीचशी माझी होती, आणि ती पुन्हा कुणी करू नये म्हणून हे लिहिते आहे.

मी सिव्हिल इंजिनियरिंगला का गेले, हे आधी सांगायला हवं. माझी बारावी २०२१ ची. त्या वर्षी २२ जुलैला सावित्री नदी महाडच्या बाजारपेठेत शिरली. तळीये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच दिवशी डोंगर आला. आमचं घर महाबळेश्वरच्या रस्त्याला, डोंगराच्या कुशीत. ती रात्र आम्ही सगळ्यांनी शाळेच्या खोलीत काढली. आजी रात्रभर घराच्या दिशेला तोंड करून बसली होती. डोंगर का सुटतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे.

त्या पुरात महाडला आत्याच्या तळमजल्यावर ठेवलेली माझी फाइलही गेली. दहावीच्या गुणपत्रिकेचा लगदा झाला होता. दुसरी प्रत काढायला शाळेमार्फत अर्ज, मग वाशीचं विभागीय मंडळ, हे सगळं आलंच. मी ते ‘लागेल तेव्हा बघू’ म्हणून ठेवलं, आणि ते लागलं नेमकं व्हिसाच्या महिन्यात. पूरपट्ट्यातल्या घरांतल्या मुलांनी तरी कागद आजच डिजिलॉकरमध्ये ठेवावेत आणि मूळ प्रती वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे द्याव्यात.

पैशांचंही स्पष्ट सांगते, कारण आमच्याकडे ‘एक्स्चेंज’ म्हणजे सरकारनं पाठवलं असाच समज असतो. माझ्या एक्स्चेंजमध्ये तिकडची फी माफ होती, एवढंच. फी माफ म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. इरास्मस प्लससारख्या योजनेतून दरमहा पैसे मिळतात, पण आपल्या कॉलेजचा करार त्या योजनेतला आहे का, हे आधी विचारावं लागतं. आमचा नव्हता. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, एका सत्राच्या देवाणघेवाणीसाठी नाही. राहण्याजेवणाचा खर्च आपला. जर्मनीच्या व्हिसासाठी तो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवावा लागतो. माझ्या वेळी हिशोब महिना ९३४ युरोंचा होता. सहा महिन्यांचे ५,६०४ युरो झाले, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ९९२ झाला. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशीचा आकडा वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा, सीनियरने सांगितलेला धरू नका.

बाबांना मी समजावत होते, की पैसे आपलेच राहतात, फक्त महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे सुटतात. ते म्हणाले, “आपलेच आहेत तर अडवून कशाला ठेवतात?” त्यांचं म्हणणं मला पहिल्या महिन्यात पटलं. तिकडे गेल्यावर पत्त्याची नोंदणी करायची, बँकेत खातं उघडायचं, मग तो ब्लॉक सुटायला लागतो. माझे पहिले पैसे हातात यायला जवळजवळ पाच आठवडे गेले. खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी द्यायचं होतं. आजीच्या पाटल्या आणि बोरमाळ गहाण ठेवून आणलेल्या पैशांतले थोडे काकांनी हट्टाने फॉरेक्स कार्डवर भरायला लावले होते, म्हणून निभावलं. दीड-दोन महिन्यांचा खर्च ब्लॉकच्या बाहेर हवाच. आणि डिपॉझिट परत येईपर्यंत तिकडचं बँक खातं बंद करू नका, ते निघाल्यानंतर कित्येक आठवड्यांनी येतं.

आता मूळ गोष्ट.

जाण्याआधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा एक कागद होतो. तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या बदली धरायचा, याचा तो तक्ता. त्यावर विद्यार्थ्याची, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची अशा तिघांच्या सह्या असतात. माझ्याकडे तो होता, पाच विषयांचा, सह्यांसकट. ऑक्टोबरमध्ये तिथे पोचल्यावर कळलं, की त्यातला एक विषय फक्त उन्हाळी सत्रात शिकवतात आणि दुसरा यंदा जर्मन भाषेत आहे. हे पुष्कळांचं होतं. तिथल्या समन्वयक बाईंनी बदली विषयांची यादी दिली. इथल्या अभ्यासक्रमाशी बऱ्यापैकी जुळणारे दोन विषय त्या यादीत होते. आणि उतारांची स्थिरता हाही एक विषय होता.

तो शब्द वाचल्यावर माझं दुसरीकडे लक्षच गेलं नाही. तो घेतला, आणि त्याच्या जोडीला भूजलाचा. मग कॉलेजात एक्स्चेंजचं काम बघणाऱ्या सरांना फोन लावला. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. इथलं कार्यालय बंद व्हायच्या वेळेला तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो. दोन तासिकांच्या मध्ये, जिन्यात उभं राहून मी बोलले. सर म्हणाले, “चालेल, घे. आल्यावर बघू.” सर मनापासून म्हणाले होते, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मी परत आले तेव्हा ती जबाबदारी त्यांच्याकडे नव्हती. नव्या समितीपुढे माझा जुना तक्ता होता, आणि त्यातले दोन विषय माझ्या निकालात नव्हते. स्टीलच्या रचनेच्या जागी डोंगराचा उतार कसा धरायचा, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याकडे दाखवायला होती फक्त फोनमधली कॉलची नोंद.

मी त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल केला असता तरी पुरलं असतं. तिकडे बदल नोंदवायला त्याच कागदाचा वेगळा भाग असतो, तो भरून तिघांच्या सह्या घ्यायच्या असतात. सत्र सुरू झाल्यावर त्यासाठी काही आठवड्यांचीच मुदत असते. ती मुदत मी खिडकीतून पहिला बर्फ बघत घालवली.

गुणांचाही घोळ झाला. जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात वर, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास. उतारांच्या विषयात मला १.७ होते. कार्यालयातल्या ताईंनी ते दहापैकी धरले आणि मला म्हणाल्या, “हा विषय तर तुझा तिकडेच गेलाय.” गुण कोणत्या सूत्राने बदलायचे, हे जाण्याआधी कागदावर आणा. क्रेडिटचंही तेच. युरोपात सत्राला ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे घरच्या अभ्यासासकट २५ ते ३० तास मोजतात. आपल्याकडे आठवड्याला एक तास तासिका म्हणजे एक क्रेडिट. त्यामुळे तिकडचे पाच आणि इकडचे पाच सारखे नसतात. निकालाचा अधिकृत कागदही परीक्षा संपल्यावर कित्येक आठवड्यांनी येतो. तिकडची परीक्षा फेब्रुवारीत होते, आणि आपलं पुढचं सत्र जानेवारीतच सुरू झालेलं असतं. त्या दोन महिन्यांच्या हजेरीचं काय करणार, हेही लेखी विचारून ठेवा. तिकडे तासिकांना बसलं म्हणजे परीक्षेला बसता येतं असंही नाही. नाव वेगळं नोंदवावं लागतं. मला ते शेवटच्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं.

परिणाम काय झाला? सातव्या सत्रात कंपन्या आल्या तेव्हा अट होती, एकही विषय मागे राहिलेला नको. माझ्या नावापुढे दोन होते. केटी लागलेली नसताना मी केटीवाल्यांच्या रांगेत होते. वर्गातल्या मुली मुलाखतीला जात होत्या तेव्हा मी वाचनालयात स्टीलच्या जोडांची गणितं करत बसले. दोन्ही पेपर सुटले, पण ती संधी गेली. आजीची बोरमाळ अजून सुटलेली नाही. ती त्याबद्दल अक्षर बोलत नाही, म्हणून मला जास्त लागतं.

महाडला चवदार तळ्यापाशी गेले की मला १९२७ च्या सत्याग्रहाच्या आधीचे बाबासाहेब आठवतात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पण येताना चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. हे मी शाळेपासून ऐकत आले होते. त्या परवानगीचा अर्थ मला त्या कार्यालयातल्या बाकावर बसल्यावर कळला.

उतारांचा विषय घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. मातीच्या कणांमधलं पाणी वाढलं की त्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटं करतो. घर्षण कमी होतं, आणि उताराला धरून ठेवणारं बळ खाली ओढणाऱ्या बळापेक्षा कमी पडलं की डोंगर सुटतो. इतकी साधी गोष्ट मला तिथे समजली, गणितासकट. फक्त तो विषय मी जास्तीचा म्हणून घ्यायला हवा होता, मंजूर तीन आणि यादीतल्या त्या दोन जुळणाऱ्या विषयांच्या जोडीला. तेवढे तास माझ्याकडे होते. आता आमच्या घरामागच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना मी खुंट्या ठोकल्या आहेत. पावसाळ्यात दर रविवारी त्यांच्यातलं अंतर टेपने मोजते आणि वहीत लिहिते. बाबा टेपचं दुसरं टोक धरतात.

बिरवाडीची एक मुलगी येत्या हिवाळी सत्राला जायची आहे. फाइल घेऊन माझ्याकडे येते. तक्ता पाच विषयांचा आहे, आणि प्रत्येकापुढे एक पर्यायी विषयही आम्ही आत्ताच मंजूर करून घेतो आहोत, तिकडे एखादा बंद निघाला तर धावपळ नको म्हणून. विमानाचं तिकीट सगळ्या सह्या झाल्याशिवाय काढायचं नाही असं मी तिला सांगितलंय. तिची आई थोडी नाराज आहे, तिकिटं महाग होतात म्हणून. शेवटची सही गेल्या गुरुवारी झाली. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. सही होती, शिक्का होता, खाली तारीख नव्हती. शुक्रवारी सकाळच्या एसटीने ती परत कॉलेजला गेली.