पिकअप : डिझेल की पेट्रोल?

प्रश्न : रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या न्यायला पिकअप घ्यायची आहे. डिझेल घेऊ की पेट्रोल?
– एक बागायतदार

उत्तर : भरल्या गाडीने आंबा घाट चढायचा, तर डिझेलच. कमी आरपीएमला जास्त टॉर्क मिळतो, सारखा गिअर पाडावा लागत नाही, ॲव्हरेजही चांगलं पडतं. पण हंगामानंतर गाडी गावातच फिरणार असेल, तर जरा थांबा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल इंजिनांना सहसा काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन तापून गाडी सलग धावली, तरच ती काजळी जळते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते. तसा वापर असेल, तर छोटी पेट्रोल पिकअप घ्या आणि हंगामापुरता टेम्पो भाड्याने लावा.