'मी कोण?' – किशोरवयातली ओळख आणि आपली घाई

"याला आता शिंगं फुटलीत!" सातवी-आठवीच्या पालकांकडून हे हमखास ऐकू येतं. कालपर्यंत आईने काढून ठेवलेला शर्ट निमूट घालणारा मुलगा आता केस कसे कापायचे यावरून वाद घालतो, वहीच्या शेवटच्या पानावर दहा प्रकारच्या सह्या करून बघतो. डी.एड.ला आपण एरिक एरिक्सन शिकलो, आठवतंय ना? त्याच्या मते साधारण १२ ते १८ या वयाचं हेच तर काम आहे: 'मी कोण?' हे शोधणं.

एरिक्सनचा स्वतःचा प्रश्नही हाच होता. जन्म १९०२, जर्मनीत. जन्मदाते वडील कोण हे त्याला कधीच कळलं नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर, आणि हा उंच, सोनेरी केसांचा. शाळेत 'ज्यू' म्हणून चिडवायचे, तर ज्यूंच्या प्रार्थनास्थळात तो परका ठरायचा. शाळेनंतर काही वर्षं चित्रं काढत भटकला. पुढे अमेरिकेत त्याने 'एरिक्सन' हे आडनावही स्वतःच घेतलं.

१९६६ मध्ये जेम्स मार्सिया याने हा विचार पुढे नेला. मुलाने स्वतः शोध घेतला का, आणि एखादी गोष्ट मनापासून धरली का, असे दोन प्रश्न त्याने विचारले. त्यातून चार अवस्था निघतात. काही मुलं शोधतही नाहीत आणि काही धरतही नाहीत. काही शोधून ठरवतात. खरी गंमत उरलेल्या दोघांत आहे.

एक मूल न शोधताच धरतं. "दहावीनंतर सायन्स, मग नीट." का रे? "बाबा म्हणतात." असं मूल शहाणं दिसतं, नातेवाइकांत कौतुक होतं. पण ही ओळख उसनी असते. दुसरं मूल या महिन्यात तबला, पुढच्या महिन्यात एनडीए म्हणतं. आपण त्याला धरसोड वृत्तीचं म्हणतो. खरं तर ते शोधात असतं, आणि पक्की ओळख बहुधा या शोधातूनच घडते. (क्लासची फी वाया जाते हे मान्य!)

या अवस्था म्हणजे इयत्ता नव्हेत. करिअर ठरलेला मुलगा श्रद्धा, मैत्री याबाबत अजून चाचपडत असू शकतो, अगदी पंचविशीतही.

आपण तर प्राथमिकचे शिक्षक. एरिक्सनच्या मांडणीत ६ ते १२ हा 'मला जमतं' की 'मी कमी पडतो' हे ठरण्याचा काळ. चौथीत 'ढ' म्हटलेलं मूल तेराव्या वर्षी 'मी कोण?' विचारतं, तेव्हा आपला तो शब्द त्याच्याजवळ तयारच असतो.

पालकांनी दहावीच्या सुट्टीत 'काय ठरवलंस?' याआधी 'काय काय बघितलंस?' हे विचारून पाहावं.