हातकताईच्या लोकरीचा स्वेटर : हस्तोद्योगातून त्रैराशिक

१९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेत सूतकताईस मूलोद्योगाचे स्थान मिळाले. उद्योगातूनच मुलाने गणित शिकावे, हा तिचा हेतू. धर्माबाद तालुक्यातील शिक्षकांस हाच पाठ टकळीवर कातलेल्या लोकरीतूनही देता येईल.

घोंगडीच्या काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही. पांढरी लोकर निवडावी. १०० ग्रॅम धुतलेल्या सुतास १० ग्रॅम तुरटी घ्यावी. तुरटीच्या पाण्यात लडी मंद आचेवर तासभर ठेवून मग पळसफुलांच्या काढ्यात रंगवाव्यात. लोखंडी भांडे वापरू नये, रंग काळवंडतो. सर्व लडी एकाच वेळी रंगवाव्यात. दुसऱ्या खेपेस तीच छटा साधेलच असे नाही.

हातसूत जाडबारीक असते. म्हणून पुस्तकातील टाक्यांच्या संख्येवर विसंबू नये. प्रथम १० सेंटिमीटर रुंदीचा नमुना विणवून घ्यावा. त्यात १५ टाके भरले, तर ३० सेंटिमीटर रुंदीच्या पाठीस ४५ टाके लागतील. पाटीवर चुकलेले त्रैराशिक पुसता येते. स्वेटरात चुकले, तर मुलाचे कित्येक दिवसांचे विणकाम उसवावे लागते. म्हणून शिक्षकांनी उत्तर सांगू नये. नमुना मुलाच्या हाती देऊन ते त्यालाच काढू द्यावे.